एक वीत चार बोटं

नगरच्या स्टेशन रोडला बर्फाचा एक कारखाना होता. तिथून माळीवाड्यापर्यंत सायकलवर बर्फ पोचवायचं काम मेहताब शेख अकरा वर्षं करत होता. अंतर फार नव्हतं. मोकळ्या सायकलीला बारा मिनिटं पुरत. पण अर्धी लादी म्हणजे साठ-पासष्ट किलो वजन, आणि तेही वाटेत कमी होत जाणारं. उन्हाळ्यात पाच मिनिटं जास्त लागली की वेशीपुढचा रसवंतीवाला गहिनीनाथ गोणपाटावरून हात फिरवायचा आणि तोंड वाकडं करायचा.

बघणाऱ्याला हे काम सोपं वाटायचं. तसं ते नव्हतं. ओझं मागं असल्यामुळं सायकलीचं पुढचं चाक हलकं व्हायचं आणि चढावर उचलायला बघायचं. म्हणून छाती हँडलवर टेकवून चालवावं लागे. सायकलवर बसताना पाय मागून टाकता येत नसे, कारण मागं लादी. दहा-पंधरा पावलं सायकल पळवायची, डावा पाय पायडलवर ठेवायचा आणि उजवा पाय दांडीवरून पुढून घालायचा. ज्याला हे जमलं नाही त्यानं पहिल्याच आठवड्यात कारखाना सोडला. एकदा चालू लागलं की थांबायचं नाही. थांबलं की परत पंधरा पावलं मोकळा रस्ता हवा, आणि भर दुपारी गावात तो कुणी देत नाही.

दुसरी गोष्ट धक्क्याची. लादीला एक जोराचा धक्का बसला तर आत चीर जाते. वरून काही दिसत नाही. गोणपाट सोडलं की दोन तुकडे हातात येतात. फुटलेला बर्फ लवकर पाणी होतो, गिऱ्हाईक तो परत पाठवतं. म्हणून स्टेशन रोडचा प्रत्येक खड्डा मेहताबला पाठ होता. डोळ्यांपेक्षा हातांना जास्त.

भुसा भरून, गोणपाट घट्ट बांधूनही पाणी सुटायचंच. ते चाकाच्या तारांवर गळू नये म्हणून मेहताब गोणपाटाचा मागचा कोपरा खाली ओढून ठेवायचा. मग पाणी मडगार्डच्या मागं, बरोबर मध्ये गळायचं आणि त्याच्यामागं डांबरावर बोटभर रुंदीची ओली रेघ पडत जायची. वैशाखात ती मागून वाळतही जायची. गहिनीनाथ म्हणायचा, "मेहताबभाई, नगरपालिकेनं तुमच्या रेघेवर गटार खणावी. एक दगड वाकडा लागायचा नाही." मेहताब हसायचा नाही, पण त्याला ते आवडायचं. इतर बर्फवाल्यांच्या रेघा तो येताजाता बघत असे आणि मनात गुण देत असे.

त्र्याहत्तर सालचा उन्हाळा वेगळा होता. पाऊस पडून दोन वर्षं झाली होती. खडी फोडायच्या कामावरची माणसं गावात आली होती, एस.टी. स्टँडवर माणसांच्या रांगा होत्या. स्टेशनात उतरलेलं धान्य घेऊन ट्रक रात्रंदिवस पाथर्डी-शेवगावकडं पळत होते. रस्ता तोच, रुंदी तीच. सायकली तेवढ्याच आणि ट्रक मात्र चौपट. ट्रकवाले सायकलवाल्याच्या पाठीशी येऊन भोंगा वाजवत, जणू तो रस्त्यात झोपला आहे. सायकलवाले मुद्दाम दोन पायडल सावकाश मारत. चौकातला पोलीस दोघांवर ओरडे, पण पकडे तो सायकलवाल्यालाच, कारण ट्रकच्या चाकातली हवा सोडता येत नाही.

वेशीपुढच्या चौकात सूर्यभान नावाचा शिपाई होता. पंचेचाळिशीचा, उन्हानं रापलेला, पायात कुरूप असल्यामुळं एका पायावर भार देऊन उभा राहणारा. त्याला वरून दोन हुकूम होते. धान्याची गाडी चौकात अडता कामा नये, हा एक. आणि ओझ्याच्या सायकली चौकातून उतरून, हातानं ढकलत न्यायच्या, हा दुसरा.

"उतर खाली," त्यानं पहिल्या दिवशी मेहताबला सांगितलं.

"साहेब, उतरलो तर परत चढायला पंधरा पावलं मोकळी लागतात. ती चौकात कुठून आणू?"

"तुझ्या घरून आण."

मेहताब उतरला नाही. दुसऱ्या दिवशी सूर्यभाननं कॅरिअर मागून धरलं आणि मागच्या चाकाची हवा सोडली. दीड मण ओझं वर आणि चाक बसलेलं. रसवंतीपर्यंतच्या दोनशे पावलांना वीस मिनिटं लागली. महिन्यात हे दोनदा झालं. तेव्हापासून चौक जवळ आला की मेहताब सूर्यभानकडं बघायचा नाही आणि सूर्यभान मेहताबवरची नजर हलवायचा नाही.

त्या बुधवारी पाऊण वाजता मेहताब दुसरी खेप घेऊन निघाला. डांबर मऊ झालं होतं, चाकाखाली चिकट आवाज येत होता. चौक चाळीस-पन्नास पावलांवर आला तेव्हा मागं भोंगा वाजला. आवाजावरून गाडी भरलेली आहे हे त्याला कळलं. तो डाव्या कडेनंच चालला होता. आणखी डावीकडं जायला जागा नव्हती. तिथं पाटीवाल्या बसल्या होत्या. भोंगा पुन्हा वाजला, या वेळी न थांबता. पुढून सूर्यभाननं शिट्टी मारली आणि ट्रकला हात दाखवला: ये, ये, लवकर काढ.

मग एकदम उजव्या खांद्याशी इंजिनाची धग आली. काहीतरी लाकडी हँडलच्या मुठीला लागलं आणि सायकल त्याच्या हातांतून निघून गेली. तो डाव्या कुशीवर पडला. लादी गोणपाटातून सटकली, रस्त्यावर घसरत गेली आणि फुटली.

ट्रक उजवीकडं वळला होता. समोरच्या कडेला, कडुलिंबाच्या सावलीत, छबूबाई लिंबाची पाटी घेऊन बसायची. श्रीगोंद्याकडची बाई, साठीला टेकलेली. गहिनीनाथच्या रसवंतीला लिंबं तीच द्यायची. ट्रकचं पुढचं चाक पाटीवरून गेलं आणि पाटीमागं पसरलेला तिचा पाय फळकुटासारखा वाजला. मेहताबला तो आवाज ऐकू आला. लिंबं चौकभर पांगली.

मेहताब उठला. कोपर सोललं होतं. बर्फाचा एक तुकडा गोणपाटात गुंडाळून तो पळत गेला आणि छबूबाईच्या नडगीवर धरला. ती ओरडत नव्हती. ओठ दाताखाली धरून म्हणाली, "मेहताबभाई, लिंबं गोळा करा कुनीतरी. लोकं पायानं लाथाडत्यात."

कुणीतरी टांगा आणला. तिला सरकारी दवाखान्यात नेलं. तोवर चौकात शंभर-दीडशे माणूस जमलं होतं. काहींनी बर्फाचे तुकडे उचलून रुमालात बांधले, काहींनी ते तोंडाला लावले. बाकीच्यांनी ट्रकचा दरवाजा उघडून ड्रायव्हरला खाली ओढलं.

ड्रायव्हर बन्सी नावाचा, काष्टीचा. तिशीचा असेल. डोळे जागरणानं तांबारलेले, दाढी चार दिवसांची. आदल्या दुपारपासूनची त्याची ही तिसरी खेप होती. दोन थपडा बसल्यावर तो गाडीच्या चाकाला पाठ लावून उभा राहिला. कमरेचा पट्टा काढून कुणीतरी पुढं आलं. सूर्यभान दंडुका आडवा धरून मध्ये शिरला. तो एकटा होता. गाडीच्या मागच्या बाजूला दोघं-तिघं पोत्यांना हात लावून बघत होते, एकाच्या हातात विळा होता, आणि हे सूर्यभानला दिसत होतं. त्यानं पुढची बाजू सोडली असती तर बन्सी मेला असता, मागची सोडली असती तर पोती गेली असती.

"माजी चूक न्हाई, साहेब," बन्सी ओरडला. "मी तीन हात लांबनं चाललो हुतो. ह्यो बर्फवाला आडवा आला. त्याला वाचवायला मी गाडी वळवली."

"खोटं बोलतो," मेहताब पुढं आला. त्याला धाप लागली होती. "अकरा वर्षांत मी आडवा गेलो नाही. साहेब, माझं पाणी पडलंय रस्त्यावर. मी कुठून आलो ते त्यावर लिहिलंय. चला, बघा."

"बघा, बघा," गहिनीनाथ रसवंतीतून ओरडला. "दोरी धरल्यासारखी रेघ आसती त्याची."

"गर्दी कमी करा आधी," सूर्यभान म्हणाला. त्याला पाण्याचं काही पडलं नव्हतं.

"गर्दी कमी होईपर्यंत पाणी वाळेल, साहेब."

सूर्यभान हलला नाही. मेहताब एकटाच मागं चालत गेला. ऊन डोक्यावर होतं. लांबची रेघ वाळून गेली होती; चौकाजवळची शिल्लक होती, तीही कडेनं आटत चालली होती. जिथं तो पडला तिथपासून तो उलटा, खाली बघत चालला. आणि पाच-सहा पावलांवर थांबला.

रेघ सरळ नव्हती.

ती डाव्या कडेनं येत होती, बरोबर, जशी यायला हवी तशी. मग एका जागी ती उजवीकडं झुकली होती, चार पावलं तशीच गेली होती, आणि परत डावीकडं येण्याआधीच संपली होती. झुकली होती तिथं डावीकडं डांबराचं काळं, नवं ठिगळ होतं. मेहताबनं ते ठिगळ बघितलं आणि त्याला सगळं कळलं. तिथं खड्डा होता. नळाच्या कामासाठी खणलेला, दीड वर्ष तसाच पडलेला, चौकाआधीचा सगळ्यात वाईट खड्डा. पंधरा दिवसांमागं नगरपालिकेनं मुरूम टाकून, डांबर ओतून तो बुजवला होता. बुजवताना मेहताबनं स्वतः बघितलं होतं. त्याला माहीत होतं की आता तिथं खड्डा नाही. हातांना माहीत नव्हतं. हात रोज त्याच जागी हँडल उजवीकडं देत होते, लादीला धक्का बसू नये म्हणून, आणि आजही त्यांनी दिलं होतं. त्याला आठवतसुद्धा नव्हतं.

त्यानं मान वर केली. दुसरं कुणी बघत नव्हतं. बघितलं असतं तरी त्यांना कळलं नसतं. त्यांच्या लेखी ते नुसतं पाणी होतं. रेघ कडेनं तुटायला लागली होती. दोन मिनिटं गप्प राहायचं होतं, बाकीचं काम ऊन करणार होतं. गर्दी त्याच्या बाजूची होती. गहिनीनाथ अजून सांगत होता की मेहताबभाईची रेघ कधी वाकडी जात नाही.

ट्रकच्या डाव्या चाकांचे ठसे मऊ डांबरात उमटले होते. ते वाळणार नव्हते. मेहताबनं ठिगळाच्या अलीकडं, जिथं रेघ अजून सरळ होती तिथं बघितलं. ठसा तीन हातांवर नव्हता. फार जवळ होता. पण ते दाखवायचं तर रेघ पाहिजे, आणि रेघ दाखवायची तर वाकडी झालेलीही दिसणार. तिचा सोयीचा तुकडा तेवढा राखता येत नव्हता.

ट्रककडून धप्प आवाज आला. बन्सी गुडघ्यावर बसला होता आणि डोकं दोन्ही हातांनी झाकत होता.

"थांबा," मेहताब म्हणाला. कुणी ऐकलं नाही. तो गर्दीत घुसला, पट्टावाल्याचा हात धरला. "थांबा, मी वळलोय. मी उजवीकडं आलोय."

पट्टावाला त्याच्याकडं बघत राहिला. "काय?"

"मी वळलोय. खड्डा चुकवायला."

"कुठला खड्डा?" गहिनीनाथनं विचारलं.

"बुजवलेला."

मग मागून एकजण म्हणाला, "किती दिले रं ट्रकवाल्यानं?" कुणी हसलं. दुसरा म्हणाला, "डोक्याला लागलंय त्याच्या, बसवा त्याला सावलीत." पण पट्टा खाली आला होता. सूर्यभाननं तेवढी संधी साधली आणि बन्सीला गाडीच्या पायरीवर चढवून दरवाजा लावला. गाडीच्या मागं दंडुका आपटला. विळावाला गर्दीत मिसळला.

"साहेब, खुणेला काहीतरी आणा," मेहताब म्हणाला. "खडू, कोळसा, काही. एका मिनिटाचं काम राहिलंय."

सूर्यभाननं त्याच्याकडं बघितलं, मग रस्त्याकडं. खडू कुठून आणणार. त्यानं खिशातून तंबाखूची डबी काढली, चुन्याचं झाकण उघडलं, आणि कुरुपाचा पाय जपत रस्त्यावर बसला. चुन्यात बोट बुडवून ओल्या रेघेवर तो टिकल्या देत चालला. मेहताब पुढं होऊन दाखवत होता: इथं, इथं, इथून वळली. पाच-सहा टिकल्यांवर चुना संपला. सूर्यभाननं वर न बघता हात मागं केला. ट्रकच्या खिडकीतून बन्सीनं आपली चुन्याची डबी त्या हातावर ठेवली.

रेघ वाळली तेव्हा तिच्या जागी पांढऱ्या टिकल्या होत्या. सूर्यभाननं हात टेकून मापलं. रेघ आधीच्या वाटेपासून उजवीकडं एक वीत चार बोटं आली होती. मग ठिगळाच्या अलीकडं, सरळ रेघेपासून ट्रकच्या ठशापर्यंत मापलं. दीड हात.

"तीन म्हणालास," तो बन्सीला म्हणाला.

बन्सीनं डोकं खिडकीच्या आत घेतलं.

चौकीत जमादार आसाराम बसला होता. अंगानं स्थूल, अक्षर सुंदर. चौकीत कुणाचाही जबाब तोच लिहायचा. धान्याच्या ठेकेदाराचा माणूस आधीच येऊन बाकावर बसला होता. गाडी संध्याकाळच्या आत पाथर्डीला पोचली पाहिजे, एवढंच तो दर दहा मिनिटांनी बोलायचा. मेहताबची सायकल खिडकीबाहेर भिंतीला लावली होती. हँडल वाकलं होतं. गोणपाटातून अजून थेंब गळत होते.

आसारामनं लिहिलं आणि कागद पुढं सरकवला. "कर सही."

मेहताब चौथीपर्यंत शिकला होता. तो बोट ठेवून वाचू लागला. सायकलस्वार अचानक उजवीकडे आडवा आल्याने ट्रकचालकास गाडी वळवावी लागली.

"हे असं नाही, साहेब."

"तूच चौकात म्हणालास ना, मी वळलो म्हणून? शंभर लोकांनी ऐकलंय."

"वळलो. आडवा नाही आलो. एक वीत चार बोटं आलो. आणि ट्रक दीड हातावर होता. ते दोन्ही लिहा, मग सही करतो."

"ही काय कापडाची पेढी आहे, मापं घ्यायला?" ठेकेदाराचा माणूस हसला. आसाराम हसला नाही. "हे बघ," तो हळू आवाजात म्हणाला. "किरकोळ दंड होईल तुला. सही कर, सायकल घे आणि जा. नाही केलीस तर ती मुद्देमाल म्हणून इथंच राहील. तारखा पडतील. पावसाळा येईल, गंजून जाईल. तुझ्या फायद्याचं सांगतोय."

"बाईचा पाय मोडलाय, साहेब. पायाचा सगळा भार या कागदावर माझ्या नावानं चढतोय. माझा जेवढा आहे तेवढा लिहा. एक बोट कमी करू नका. एक बोट वाढवूही नका."

"मग 'थोडासा उजवीकडे' लिहू?"

"थोडासा म्हणजे किती?"

आसारामनं लेखणी खाली ठेवली. "बस बाहेर."

मेहताब बाहेर ओट्यावर बसला. दोन वाजले, तीन वाजले. त्याची बायको बद्रुन्निसा बातमी ऐकून आली. त्याचं कोपर बघितलं, सायकल बघितली, सगळं ऐकून घेतलं.

"करून टाका सही," ती म्हणाली. "उद्या बर्फ काय खांद्यावरून नेणार आहात?"

"दोन मैल खांद्यावर निभत नाही. वितळून पाठीतून जाईल."

"मी चेष्टा करत नाहीये."

"मीही नाही."

तिनं पदर खोचला. "तुमचं माप तुम्हाला लखलाभ," असं म्हणून निघाली, आणि पायऱ्यांवरून वळून म्हणाली, "मी दवाखान्यात जाते. त्या म्हातारीजवळ कुणी आहे की नाही देव जाणे."

पाचाच्या सुमाराला सूर्यभानची ड्यूटी सुटली. तो लंगडत आत आला. आसारामनं विचारलं, "रस्त्यावर चुना तू लावलास?"

सूर्यभाननं ठेकेदाराच्या माणसाकडं बघितलं, बाकावर झुकून बसलेल्या बन्सीकडं बघितलं. नोकरीची सहा वर्षं राहिली होती त्याची. हा चौक निदान गावात होता. रागावलेला जमादार कुठल्या नाक्यावर टाकेल याचा नेम नव्हता.

"लावला, साहेब," तो म्हणाला. "मापलंही मीच."

"कुणी सांगितलं होतं?"

"कुणी नाही."

"वीतबीत, तो म्हणतोय ते खरं?"

"चार बोटं म्हणतोय, तीसुद्धा खरी. माझी बोटं जाड आहेत, तेवढं धरा."

आसारामनं बन्सीकडं मान वळवली. "आणि तुझं? तीन हात की दीड?"

ठेकेदाराचा माणूस म्हणाला, "तीन सांगितलंय की त्यानं मघाशी." बन्सीनं मान खालीच ठेवली होती. त्याच्या कानावरचं रक्त वाळलं होतं. त्यानं ते नखानं खरवडलं. मग म्हणाला, "दीड लिवा." ठेकेदाराचा माणूस उठला आणि बाहेर जाऊन उभा राहिला.

आसारामनं पहिला कागद चार तुकडे करून टोपलीत टाकला. दुसरा घेतला आणि त्याच सुंदर अक्षरात सगळं पुन्हा लिहून काढलं. वीत लिहिली, बोटं लिहिली, हात लिहिला. मेहताबनं बोट ठेवून सगळं वाचलं, दोनदा वाचलं, आणि सही केली. त्याला सही करायला इतर माणसाच्या तिप्पट वेळ लागत असे. कुणी घाई केली नाही.

"सायकल राहील," आसाराम म्हणाला.

"माहीत आहे."

पायऱ्यांवर सूर्यभान त्याच्या बरोबरीनं उतरला. "त्या दिवशी सांगितलं तसं चौकातून उतरून चालला असतास, तर हे झालं नसतं," तो म्हणाला.

"तुम्ही ट्रकला शिट्टी मारून घाई केली नसती तरी झालं नसतं."

"मला वरून हुकूम आहे."

"माझा खालून बर्फ गळतो."

सूर्यभाननं तोंड फिरवलं आणि तो त्याच्या वाटेनं गेला. त्यानंतरही दोघांचं कधी जमलं नाही. पुढं श्रावणात खटल्याचा निकाल लागला. बन्सीचं लायसन तीन महिने काढून घेतलं, मेहताबला दंड झाला. निकालपत्रात सगळी मापं इंचांत आली होती. मेहताबनं ती वकिलाकडून पुन्हा वीत-बोटांत करून घेतली आणि जुळतात हे बघूनच बाहेर पडला. सायकल त्यानंतर मिळाली. तोवर कारखान्याची हातगाडी ओढून तो बर्फ पोचवत होता. वेळ दीडपट, श्रम दुप्पट.

दवाखान्यात मात्र तो दुसऱ्याच दिवशी गेला. छबूबाईचा पाय मांडीपर्यंत प्लास्टरमध्ये होता. बद्रुन्निसानं दिलेली भाकरी उशाशी फडक्यात होती. मेहताब खाटेशी उभा राहिला आणि त्यानं तिला सगळं सांगितलं: खड्डा, बुजवलेला खड्डा, हात, रेघ, दोन्ही मापं. काही सोडलं नाही.

छबूबाईनं ऐकून घेतलं. "म्हंजी तू वीतभर आन् त्यो हातभर," ती म्हणाली.

"एक वीत चार बोटं. तो हातभर नाही, त्यानं दीड हात ठेवला होता. ठेवायला हवे होते तीन."

"आन् माजा पाय? त्यो किती मोडला म्हनायचा? लांबीला का रुंदीला?"

मेहताबनं विचार करून बघितला. शेजारच्या खाटेवरची बाई तोंडाला पदर लावून हसत होती.

"आरं, तोंड आसं करू नकोस," छबूबाई म्हणाली. "तू सांगितलं नसतंस तर मला काय कळणार हुतं? मी तर ट्रकवाल्यालाच शिव्या देत पडले आसते. आता दोघांना वाटून द्याव्या लागतील. लई काम वाढवलंस." तिनं पाय जरा हलवायचा प्रयत्न केला आणि थांबली. "डाक्टर म्हनतोय दीड महिना. हितलं पानी मचूळ लागतंय. घोटभर गिळवत न्हाई."

"कारखान्याच्या विहिरीचं गोड आहे."

"मग तुज्या वाटनीचं तेवढं कर. दुपारचं एक तांब्याभर आणून देत जा. थंड आसलं तर बरं."

मेहताबनं मान डोलावली. वाटेत सांडू नये म्हणून तांब्याला झाकण कसं बसवायचं, फडकं ओलं ठेवायचं की कोरडं, हे त्यानं तिथंच उभ्या उभ्या ठरवलं. दवाखान्यात पोचायला हातगाडीची खेप संपल्यावर पायी अठरा मिनिटं लागत. पुढचे एक्केचाळीस दिवस तो ती अठरा मिनिटं रोज चालला. एक दिवस ताप होता म्हणून बद्रुन्निसा गेली, तो दिवस त्यानं धरला नाही.